सांधा नसलेली जमीन

कांहीं महिन्यांपूर्वीं एका नातेवाइकाच्या आजारपणामुळें मला एका मोठ्या इस्पितळांत आठ दिवस बसून काढावे लागले. रोग्याला भेटण्याची वेळ थोडी आणि वाट पाहण्याची वेळ फार. अशा वेळीं माणूस समोर जें असेल तें पाहत बसतो. माझ्या समोर जमीन होती. फिकट हिरव्या रंगाची, कांचेसारखी गुळगुळीत, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकहि सांधा नसलेली. भिंतीशीं ती जेथें मिळे तेथें कोपरासुद्धां नव्हता. वाटीच्या कडेप्रमाणें ती हलकेच वर वळून भिंतीला भिडली होती. दाराजवळचा एक पट्टा मात्र निस्तेज, चिकट आणि ओरखड्यांनीं भरलेला दिसे. एक प्रौढ बाई तो पट्टा रोज सकाळीं व सायंकाळीं पुशीत असत. आणि आश्चर्य असें कीं, त्या जितकें अधिक पुशीत तितका तो अधिक मळकट होई.

चौथ्या दिवशीं मीं त्यांना विचारलें, “मावशी, एवढं घांसतां, तरी हा डाग निघत कां नाहीं?”

त्या म्हणाल्या, “काय करूं, दादा? मुकादम बाटली देतो, ती ओततें. ही भुई कशाची आहे तें आम्हांला कुणी सांगितलंय का? डाग निघाला नाहीं तर पगार कापीन, असं मात्र दोनदां सांगून झालंय.”

मीं बाटली पाहिली. तिच्यावरील चिठ्ठी इंग्रजींत होती. एक बादली पाण्याला एक झांकण औषध, असें तिच्यांत लिहिलें होतें. मावशी अंदाजानें अर्धा पेला ओतीत. त्यांच्या बोटांचीं सालें निघालीं होतीं. त्या दिवसापासून ही जमीन, तिची वंशावळ आणि तिची निगा हा विषय माझ्या मनांत घोळत राहिला, आणि आज त्याविषयींच मी आपल्याशीं बोलणार आहें.

या जमिनीला एपॉक्सीची जमीन म्हणतात. औषधांचे कारखाने, इस्पितळें, मोठीं गोदामें, मोटारींचीं तळघरें, बाजारपेठेंतील भव्य दुकानें अशा ठिकाणीं ती आतां सर्रास दिसते. ती नवी आहे. पण तिच्या मागें माणसाची एक जुनी इच्छा आहे. जिच्यांत पाणी मुरणार नाहीं, धूळ दडणार नाहीं आणि जी एका हातानें पुसली असतां स्वच्छ होईल, अशी जमीन असावी, ही ती इच्छा होय. आपल्याकडील गोष्टीचा आरंभ मात्र नेमका उलट्या टोकाला होतो.

आपल्या आज्यापणज्यांच्या घरांत मुरूम व माती पसरून, पाणी शिंपून, धुम्मसानें ठोकून आणि चोपण्यानें चोपून भुई करीत. ती नंतर शेणानें सारवीत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर यांचें सारवण हें घरांतील बायकांचें नित्याचें काम असे, आणि सणावाराला तर तें चुकत नसे. या जमिनीचें एक वैशिष्ट्य सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. तिच्यावरील मळ कोणी धुऊन काढीत नसे. कारण पाणी ओतलें तर भुईच उखडे. सैल झालेली माती शेणकाल्यानें बांधली जाई आणि जुन्या थरावर नवा थर चढे. स्वच्छ करणें व दुरुस्त करणें हीं दोन कामें नव्हतीं, एकच होतें. पोतेरें जिच्या हातांत असे ती बाईच त्या जमिनीची कारागीर होती. शेण किती पातळ करावें, ओल किती ठेवावी, कोणता कोपरा पोखरूं लागला आहे, हें तिला कोणाला विचारावें लागत नसे. या जमिनींत सारेंच चांगलें होतें असें नव्हे. शेणांत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात, आणि बाळंतिणीच्या खोलींत ही गोष्ट लहानसहान नव्हे. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, जमिनीचें ज्ञान आणि जमिनीचें काम हीं त्या काळीं एकाच हातांत होतीं.

या भुईवर पहिला मोठा शास्त्रीय आक्षेप आला तो विलायतेहून. हिंदुस्थानांतील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त मंडळाचा अहवाल १८६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं ठिकठिकाणच्या छावण्यांतून आलेल्या कागदपत्रांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विख्यात परिचारिकेनें आपले अभिप्राय लिहिले. शिपायांच्या बराकींतील मातीची जमीन शेणानें सारवतात हें वाचून तिनें त्या प्रथेची मनसोक्त टर उडविली आहे. आपल्याला तें वाचून राग येतो. परंतु तिचा रोख केवळ आपल्यावर नव्हता. १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत तिनें इंग्रजी घरांतील लांकडी जमिनींनाहि तितकेंच फैलावर घेतलें आहे. ज्या जमिनी पाणी व घाण शोषून घेतात त्या वरून कितीहि घांसल्या तरी स्वच्छ होत नाहींत, असा तिचा मुद्दा होता. तिला पसंत पडलेली जमीन बर्लिन येथील होती. लाखेसारखा लेप दिलेली ती जमीन रोज सकाळीं प्रथम ओल्या फडक्यानें आणि मग कोरड्या फडक्यानें पुसली जाई. श्रोतेहो, इस्पितळांतील ती हिरवी जमीन या बर्लिनच्या जमिनीचीच नात म्हणावयाची. आणि एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे: नाइटिंगेलनें लेपाबरोबर रोजच्या पुसण्याचीहि नोंद केली आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत रोगजंतूंचें शास्त्र उदयास आलें. १८६५ सालीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें जखमांवर कार्बॉलिक आम्लाचा उपयोग सुरू केला, आणि जंतु मारणारें औषध ही कल्पना हळूहळू जखमेवरून भिंतीवर व भिंतीवरून जमिनीवर उतरली. या कल्पनेचें एक कडू फळ आपणांसहि चाखावें लागलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, व पुढल्या सालीं तो पुण्यांत भडकला. तेव्हां सरकारी तुकड्या घरांत शिरून सामानसुमान बाहेर काढीत, जमिनी खणीत आणि त्यांवर जंतुनाशक औषधें ओतीत. त्या जुलमाची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झाली, हें आपण सर्व जाणतां. पुढल्याच वर्षीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात असें दाखवून दिलें. म्हणजे ज्या जमिनींशीं एवढें युद्ध केलें त्या जमिनी मुख्य अपराधी नव्हत्याच! शत्रु कोण हें ठाऊक नसतां केलेली स्वच्छता लोकांना छळते आणि शत्रूला सोडून देते, हा त्या दोन वर्षांचा धडा आहे.

शेणाची भुई शहरांतून मागें पडली, तिची जागा दगडानें व चुन्यानें घेतली. चुन्याचा कोबा आपल्याकडे जुनाच. शहाबादी फरशीहि घरोघर आली. विटांचे तुकडे व चुना यांचा कोबा चोपून चोपून असा घट्ट करीत कीं, त्यावर पाणी ठरे. तिकडे व्हेनिस शहरांतील कारागीर संगमरवराच्या चिपा चुन्यांत बसवून, त्या घांसून, वर जवसाचें तेल जिरवीत. त्या पद्धतीचें टेराझो हें नांव जगभर झालें. सिमेंट आल्यावर नक्षीदार लाद्या करणें सोपें झालें, आणि १९२२ सालीं स्वदेशीच्या भरांत मुंबईंत सिधवा यांनीं भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. मुंबईंतील कित्येक जुन्या वाड्यांत व इमारतींत त्या काळच्या लाद्या अद्याप टिकून आहेत.

या सर्व जमिनींत चुना आहे. आणि चुन्याचा शत्रु आम्ल. शहाबादीवर लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ सांडला तर जो फिकट डाग पडतो तो वरचा मळ नव्हे. तेथें दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून अशी जमीन ॲसिडानें धुणें हा तिचा उघड घात आहे, मग धुतांना फेंस कितीहि शुभ्र दिसो. शिवाय लादी आली कीं सांधा आला. आणि सांध्यांत पाणी, धूळ व मुंग्या यांचा संसार आला.

सांधे कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडांत झाला, आणि त्याची एक मुळी आपल्या शेतांत रुजलेली आहे. फ्रेडरिक वॉल्टन या गृहस्थाला रंगाच्या डब्यांत जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय दिसली. हवेनें घट्ट होणाऱ्या या तेलांत बुचाचा भुसा, राळ व रंग मिसळून तें मिश्रण तागाच्या जाड कापडावर दाबलें असतां पायाखालीं घालावयास उत्तम पट्टा होतो, हें त्यानें सिद्ध केलें. १८६४ सालीं लंडनजवळ स्टेन्स येथें त्याचा कारखाना सुरू झाला. जवस व तेल यांच्या लॅटिन नांवांवरून त्यानें त्यास लिनोलियम म्हटलें. त्या काळीं हिंदुस्थानांतून विलायतेस जवस मोठ्या प्रमाणावर जाई, व मुंबई हें त्या व्यापाराचें एक प्रमुख बंदर होतें. ताग तर बंगालचाच. ज्या जवसाची आपण चटणी करतों तोच परदेशांतील इस्पितळांच्या व कचेऱ्यांच्या जमिनींवर जाऊन पसरला! लांबलांब पट्टे अंथरल्यामुळें सांधे थोडे राहिले. परंतु या जमिनीचाहि एक शत्रु निघाला, आणि तो चुन्याच्या शत्रूहून अगदीं निराळा. धुण्याच्या सोड्यासारखे तीव्र अल्क जवसाचें घट्ट झालेलें तेल फोडतात. दगडावर जें चालतें त्यानें लिनोलियम चिरफळून जातें. जमीन बदलली कीं शत्रु बदलतो.

आतां एपॉक्सीकडे येऊं. हिचा जन्म जमिनीसाठीं झालाच नव्हता. तो झाला दांतांसाठीं. स्वित्झर्लंडांत द ट्रे नांवाची दंतवैद्यकीय सामानाची कंपनी होती. कवळ्या करण्यास योग्य असें द्रव्य शोधीत असतां तेथील रसायनवेत्ता पिएर कास्तान यानें एक नवी राळ तयार केली, आणि १८३८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९३८ सालीं, तिच्या हक्कासाठीं अर्ज केला. दांतांच्या कामीं तिचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाहीं. परंतु बाझेलच्या सिबा कंपनीनें तिचे हक्क घेतले, व १९४६ सालीं तेथील प्रदर्शनांत अरल्डाइट या नांवानें ती चिकट द्रव्य म्हणून लोकांपुढें मांडली. त्याच सुमारास अमेरिकेंत डेव्हो अँड रेनॉल्ड्स या रंगांच्या कंपनींत सिल्व्हन ग्रीनली हा स्वतंत्रपणें त्याच वाटेनें चालला होता. त्याला हवे होते टिकाऊ रंगलेप. म्हणून ही राळ सुकणाऱ्या तेलांतील आम्लांशीं जोडून पाहण्यावर त्याचा भर होता. सुकणारें तेल म्हटलें कीं त्यांत जवस आलाच. एक जण दांतांकडून निघाला, दुसरा रंगाच्या डब्याकडून. आणि पुढील दशकांत दोघांची राळ कारखान्यांच्या जमिनीवर येऊन पोहोंचली.

तिची कृति थोडक्यांत अशी. राळ आणि हार्डनर हीं दोन द्रव्यें ठरलेल्या प्रमाणांत मिसळावयाचीं. मिसळतांच त्यांचे अणु एकमेकांस गुंफूं लागतात, आणि पातळ काकवीसारखें मिश्रण पाहतां पाहतां असें घट्ट होतें कीं, पुन्हां तें वितळत नाहीं. खालीं काँक्रीट असतें. त्यावर हें मिश्रण कागदासारख्या पातळ लेपापासून दोनतीन मिलिमीटर जाडीच्या थरापर्यंत पसरतात. साधारणपणें एका दिवसांत त्यावर चालतां येतें. परंतु पूर्ण बळ येण्यास सुमारें एक आठवडा लागतो, आणि तोंवर पाणी व औषधें यांपासून तिला जपावें लागतें. काँक्रीटमध्यें ओल राहिली असेल तर ती वर येऊं पाहते आणि लेपाला फोड येतात. ऊन सतत लागलें तर ही जमीन पिंवळी पडते.

तेल, ग्रीस, पाणी यांना ती दाद देत नाहीं. म्हणून विकणारे म्हणतात कीं, या जमिनीला कांहीं करावेंच लागत नाहीं. येथेंच सारी चूक होते. हिचेहि शत्रु आहेत. पहिला शत्रु वाळूचा कण. दारांतून पायाबरोबर आलेली कचकच या गुळगुळीत लेपावर कानशीसारखी चालते, आणि तिची चकाकी खाते. म्हणून दाराशीं चांगलें लांबरुंद पायपुसणें असावें, व ओलें पुसण्यापूर्वीं रोज मऊ कोरड्या झाडणीनें धूळ उचलावी. धूळ न काढतां ओलें फडकें फिरविणें म्हणजे वाळूनें भांडें घांसणें होय.

दुसरा शत्रु आपलाच अति उत्साह. थोडेंसें उदासीन, म्हणजे आम्लहि नव्हे व तीव्र अल्कहि नव्हे असें, धुण्याचें द्रव्य पुष्कळ पाण्यांत घालावें आणि नंतर स्वच्छ पाण्यानें जमीन पुसून घ्यावी, हा नियम आहे. प्रमाणाबाहेर ओतलेलें औषध निघून जात नाहीं. त्याचा पातळ चिकट पापुद्रा राहतो, त्यावर नवी धूळ बसते, ती काढावयास पुन्हां अधिक औषध ओतलें जातें. साध्या साबणाचीहि तीच गत. इस्पितळांतील तो पट्टा पुसून पुसून मळत होता याचें कारण हें. तिसरा शत्रु खरखरीत काथ्या व तारेचा चोथा. घांसावयाचेंच तर मऊ ब्रश किंवा मऊ चकतीचें यंत्र घ्यावें. लिंबू, व्हिनेगर अशीं आम्लें वारंवार लागलीं तर तेज जातें. तेल सांडलें तर तें लगेच टिपावें. तें लेपांत शिरत नाहीं हें खरें, परंतु अशा जमिनीवर ओल व तेल यांवरून माणूस घसरतो, आणि पडलेल्या माणसाचें हाड लेपाहून महाग असतें. जड पेट्या ओढूं नयेत, उचलाव्या. आणि पडलेला ओरखडा धुण्यानें जात नाहीं. त्यासाठीं वरचा थर हलका घांसून नवा लेपच द्यावा लागतो. शेणाच्या भुईवर जें काम रोजच्या सारवणांत होत होतें तें येथें कारागिराकडे गेलें आहे.

आणखी एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे, कारण त्यांत जिवाची गोष्ट आहे. डाग निघत नाहीं म्हणून ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र ओतण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यांतून क्लोरीन वायु निघतो. १९१५ सालीं ईप्र येथील रणांगणावर ज्या वायूनें सैनिक गुदमरून मेले तोच हा वायु. बंद खोलींत ही मिसळ करावयास सांगणें म्हणजे पुसणाऱ्या माणसाला खंदकांत उतरविण्यासारखें आहे.

श्रोतेहो, या इतिहासांत जमीन उत्तरोत्तर अधिक चांगली झाली यांत संशय नाहीं. सांधे गेले, शोषण गेलें, जंतूंचीं बिळें बुजलीं. परंतु एक सांधा मात्र नवा पडला, आणि तो कोणत्याहि राळेनें भरत नाहीं: जमीन जाणणारा माणूस आणि जमीन पुसणारा माणूस यांच्यामधला. सारवणाऱ्या बाईच्या बोटांत जें ज्ञान होतें तें आतां कारखानदाराच्या पुस्तिकेंत आहे. पुस्तिका कचेरीच्या कपाटांत आहे. आणि पोछा मावशींच्या हातांत आहे. आपल्या समाजांत सार्वजनिक झाडलोट जातीनें वांटून दिली गेली, आणि जें काम हलकें मानलें त्याला शिक्षण कशाला, अशी समजूत रुजली. १९५६ सालीं निवर्तलेले गाडगे महाराज गांवांत शिरतांच स्वतः खराटा हातीं घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. झाडणें हें हलकें काम नव्हे, हें त्यांनीं शब्दाआधीं हातानें सांगितलें. त्यांचा खराटा आपण पूजेला लावला. त्यांचा विचार मुकादमापर्यंत पोहोंचला नाहीं.

म्हणून माझें मागणें फार मोठें नाहीं. जेथें जेथें अशी जमीन घातली जाईल तेथें तिचा शत्रु कोण, औषधाचें प्रमाण किती, कोणतीं दोन द्रव्यें कधींहि एकत्र करावयाचीं नाहींत, हें मराठींत, मोठ्या अक्षरांत, पोछा ठेवण्याच्या जागीं लावलेलें असावें. आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना तें एकदां करून दाखवावें. मोजण्याचें झांकण आणि हातमोजे हे बाटलीबरोबरच द्यावे. लाखों रुपयांच्या जमिनीपुढें हा खर्च कांहींच नाहीं.

सहाव्या दिवशीं मीं मावशींना बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखविली. त्यांनीं त्या पट्ट्यावर औषध न घालतां नुसतें कोमट पाणी घेतलें, आणि पाणी तीनदां बदलून तो पुसला. तिसऱ्या बादलींतहि फेंस आला. आठव्या दिवशीं मी निघालों तेव्हां चिकटपणा गेला होता. ओरखडे मात्र तसेच होते. मावशी म्हणाल्या, “दादा, हे नाहीं जायचे ना?” मीं म्हटलें, “नाहीं, हे तुमच्या हातानं पडलेलेहि नाहींत आणि तुमच्या हातानं जायचेहि नाहींत.”

“मग तेवढं मुकादमाला सांगून जा,” त्या म्हणाल्या.

मीं तें त्याला सांगितलें. आज आपल्यालाहि सांगितलें.